सोजरबाईंचा मफलर

माझ्या सासूबाईंना, म्हणजे भीमपूरच्या किराणावाल्या सोजरबाईंना, दुसऱ्याचं कौतुक पचत नाही. मागच्या हिवाळ्यात समोरच्या शिलाईच्या दुकानातली नीलिमा लोकरीचं विणायला लागली आणि अख्ख्या गल्लीला तिच्या टोप्यांचं वेड लागलं. सासूबाईंचा नुसता जळफळाट. "दोन सुया हलवते, त्यात काय मोठं?" गिऱ्हाईक साखर मागायचं, तेव्हाही सासूबाईंचे डोळे नीलिमाच्या बोटांवर.

तिला विचारणं म्हणजे नाक कापून घेणं. म्हणून महिनाभर गल्ल्यावरून बघून बघून त्या सुलट टाका शिकल्या. सुई घालायची, धागा घ्यायचा, ओढायचा, टाका सोडायचा. चुकलं की शिव्या मात्र नीलिमाला.

मफलर वीतभर झाला तेव्हा त्या मुद्दाम ओट्यावर विणत बसल्या. बाया जमल्या. "मी माहेरीच शिकली होती," सासूबाई म्हणाल्या, "तुमाले कदी सांगतलं नाही, एवढंच."

नीलिमाही आली आणि त्यांच्या हातांकडे बघत राहिली. सासूबाई जेवतात, साखर तोलतात उजव्या हाताने. विणताना मात्र डाव्या हातातली सुई चालत होती, आरशात दिसावी तशी. समोरून बघून शिकणाऱ्याचंच असं होतं.

नीलिमाने बायांसमोर ते उघडं पाडलं नाही. तिने आपलं स्टूल रस्ता ओलांडून आणलं आणि सासूबाईंच्या शेजारी ठेवलं. "मामी, आता पुढचा, उलट टाका बाजूनं पाहून शिका," ती हळूच म्हणाली, "समोरून पाह्यलं की हात बदलतेत."

सासूबाईंनी गुपचूप सरकून जागा दिली. मग माझ्या कानाशी फणफणल्या, "पाह्य, चांगलं वागण्यातबी हिचाच पहिला नंबर!"