मैदानापलीकडचं स्पॅनिश

आमच्या पेशात किस्से जमवावे लागत नाहीत. तुम्ही फक्त वर्गात जाऊन उभं राहायचं, बाकीचं मुलं बघून घेतात. इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबात, आमची चार-पाच मराठी घरं शनिवारी कुणाकडे तरी जेवायला जमतात. ताटं मांडता मांडता कुणीतरी विचारतंच, "लीना, या आठवड्यात काय?" आणि गेल्या वर्षी मी आमच्याच शाळेत मिडल स्कूलमधून हायस्कूलला शिकवायला गेले, तेव्हापासून तर साठा दुप्पट झालाय.

मी मूळची वसईची, लीना लोपीस. कॉलेजात हौसेने स्पॅनिश शिकले, मग पुण्यात कॉल सेंटरला मेक्सिकोच्या गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन ते पक्कं झालं. नवऱ्याला, अ‍ॅल्विनला, इथल्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली आणि मला या शाळेत. आईला हे बरेच दिवस पटलंच नव्हतं. एकदा फोनवर म्हणाली, "तू तिथे स्पॅनिश शिकवतेस, मग त्या पोरांना इंग्रजी कोण शिकवतं?"

मी म्हटलं, "केरळच्या एक बाई."

*

पहिल्याच वर्षी पेरेंट-टीचर मीटिंगला एका मुलीचे वडील आले. उंच, उन्हाने रापलेले, भले गृहस्थ. माझं आडनाव वाचून त्यांनी कौतुकाने विचारलं, स्पेनमध्ये तुम्ही कुठल्या? मी म्हटलं, स्पेनची नाही, वसईची. त्यांनी डोळे बारीक करून जरा आठवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "हां, समुद्राकाठी ना? आमचं तेवढंच बघायचं राहिलं."

समुद्राकाठी आहे हे खरंच होतं. मी हो म्हटलं.

*

स्पॅनिशमध्ये बरंचसं आपल्यासारखं आहे. 'तू' म्हणजे तूच, आणि मान द्यायचा असेल तर 'उस्तेद'. मराठी मुलांना हे मिनिटात कळलं असतं. माझा सातवीचा वर्ग मात्र तिथेच अडकला. मान म्हणजे नक्की कुणाला द्यायचा? प्रिन्सिपलना, असं एकजण म्हणाला. बाकीच्यांनी ते मोडीत काढलं, कारण त्यांना तर सगळे नुसतं 'ग्रेग' म्हणतात. पोलिसांवर मतभेद झाले. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी शांतपणे म्हणाली, "माझ्या आजीला. आजोबासुद्धा तिला उस्तेदच म्हणतील."

*

आमच्या शाळेत मैदानाच्या एका बाजूला मिडल स्कूल आणि दुसऱ्या बाजूला हायस्कूल. मी पलीकडे जाणार म्हटल्यावर सातवीच्या पोरांनी मला न विचारता, डिक्शनरी उघडून, एक भलंमोठं कार्ड तयार केलं. सीनिअर स्कूलसाठी, म्हणजे हायस्कूलसाठी, शुभेच्छा लिहायच्या होत्या. 'सीनिअर'ला डिक्शनरीत जो पहिला शब्द दिसला तो त्यांनी घेतला. कार्डावर रंगीत अक्षरांत स्पॅनिशमध्ये लिहिलं होतं, "म्हाताऱ्यांच्या शाळेत तुम्ही आनंदात राहा."

ते कार्ड अजून आमच्या फ्रीजवर आहे.

*

पलीकडे गेल्यावर पहिल्या दिवशी मी उत्साहाने विचारलं, कसे आहात सगळे? कुणी हूं की चूं केलं नाही. आणि गंमत म्हणजे यातली निम्मी मुलं माझीच. मिडल स्कूलमध्ये उत्तर द्यायला बाकावर चढणारी. त्यातला लियम तर रंगांची नावं गाऊन दाखवायचा, तेही नाचत. तास संपल्यावर मी त्याला थांबवून विचारलं, अरे, तुला झालंय काय?

"मिस, तेव्हा आम्ही लहान होतो," लियम म्हणाला. "आता लोक बघतात."

कुठले लोक, विचारलं तर त्याने नुसती खिडकीकडे नजर टाकली. खिडकीपाशी वर्गातली सोफी दप्तर भरत होती.

*

आणि केटलिन. केटलिन आता बारावीत माझ्याच वर्गात आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको.

तेव्हा ती अकरावीत होती. लिहायची छान, पण तोंड उघडायची नाही. काही विचारलं की 'सी' किंवा 'नो', म्हणजे हो किंवा नाही, आणि मान खाली. हायस्कूलमध्ये स्पॅनिश घेणारी मुलं मुळात मोजकी. आणखी कुणी गळलं तर बारावीचा वर्ग बंद करून उरलेल्यांना ऑनलाइन बसवणार, असं शाळेने मला सांगून ठेवलेलं. अशात कानावर आलं की केटलिन स्पॅनिश सोडणार आहे. मी तिला विचारलं, तर म्हणाली, चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा आवाजच फुटत नाही, तोंडी परीक्षेत मी नापासच होणार. मी समजावलं, तिने ऐकून घेतलं आणि निघून गेली. घरी येऊन अ‍ॅल्विनला म्हटलं, मी मैदान ओलांडायलाच नको होतं.

त्या शनिवारी सकाळी आम्ही दोघं घाट उतरून भाजी आणायला गेलो. तिथे शेतावरच्या शेडमध्येच ताजी भाजी विकतात. गाडीतून उतरते तोच आतून स्पॅनिश ऐकू आलं. खणखणीत, भरधाव, अर्जेंटिनाच्या ठसक्याचं. मला जेमतेम अर्धं कळत होतं.

आत ट्रेलरवर गमबूट घालून केटलिन उभी. शेत तिच्या वडिलांचं, हे मला माहीतच नव्हतं. अर्जेंटिनाची तरुण पोरं इथे भटकायला येतात आणि खर्चापुरतं शेतावर काम करतात, तशी काही पोरं ब्रोकोलीची खोकी भरत होती. खोकी नीट भरत नाहीत म्हणून केटलिन त्यांना झापत होती. ती पोरं उलट उत्तरं देत होती, केटलिन त्यांच्या वरताण बोलत होती, आणि मधूनच सगळे खो खो हसत होते. मी पिशवी हातात धरून नुसती उभी.

त्यातला एक दाढीवाला वळून मला भरभर काहीतरी म्हणाला. मी "अं?" केलं. तो पुन्हा तसंच म्हणाला. तेवढ्यात केटलिनने मला पाहिलं. कानापर्यंत लाल झाली. पण ट्रेलरवरून उडी मारून आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि त्या सगळ्यांना स्पॅनिशमध्ये म्हणाली,

"या माझ्या टीचर आहेत. यांच्याशी जरा हळू बोला."