भिंतीच्या दोन बाजूंचं पाणी

सांगा पाहू: ज्या भिंतीच्या बाहेर तहानलेली माणसं पाण्यासाठी उभी आहेत, त्याच भिंतीच्या आत शोभेचं पाणी खेळवायचं ठरलं, तर ती भिंत कोणाची?

मी त्या भिंतीला टेप लावून उभी होते. कुवेतच्या सबाह अल-सालेम भागातला एक व्हिला, त्याचं मागचं अंगण. टेपचं दुसरं टोक सलीमभाईंच्या हातात होतं. ते आमच्या कंपनीचे मॅनेजर, मूळचे रत्नागिरीकडचे. कंपनी बंगल्यांच्या बागा करते आणि मी तिची डिझायनर. व्हिलाचा मालक जासिम सावलीत उभा राहून हातानेच हवेत आकार काढून दाखवत होता. त्याला वॉटर वॉल हवी होती. संपूर्ण मागच्या भिंतीवरून पाण्याचा पडदा खाली यावा, रात्री त्यावर दिवे पडावेत.

"कोनाडा बुजवावा लागेल," मी म्हणाले.

"बुजवा," जासिम म्हणाला.

तो कोनाडा भिंतीच्या बाहेरच्या बाजूला होता. मागच्या गल्लीत भिंत आत घेऊन त्यात स्टीलचा वॉटर कूलर बसवलेला होता, वर पत्र्याची छपरी. कुवेतमध्ये घराघराबाहेर असे कूलर दिसतात. त्याला सबील म्हणतात. आपल्याकडची पाणपोईच, फक्त विजेवर चालणारी. घरातलं कोणी वारलं की त्याच्या नावाने लावतात. जोवर कोणीतरी ते पाणी पितं, तोवर गेलेल्याला पुण्य पोचतं, अशी श्रद्धा. या कूलरवरही पाटी होती: मरहूम बू जासिम यांच्या नावे, पिणाऱ्यांनी दुआ करावी. बू जासिम म्हणजे जासिमचे वडील. इथे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात.

गल्लीतून दिवसभर कोण जातं? झाडूवाले, पार्सल पोचवणारे रायडर, शेजारच्या बांधकामावरचे गवंडी. ज्यांच्या घामावर हे शहर उभं आहे, ते सगळे. त्यांच्यासाठी ही सबील होती, आणि ती भिंत सुंदर करायची म्हणून जाणार होती.

आता थोडं धंद्यातलं. वाळवंटातल्या घरात पाणी खेळवायचे मुख्य प्रकार तीन. पहिला, कारंजं. पाणी उंच उडतं आणि अर्धं वारा नेतो. उरलेलं धूळ धरतं. कुवेतचं गोडं पाणी समुद्राचं मीठ काढून तयार होतं. ते कोरड्या हवेत उडवणं म्हणजे भाजलेले दाणे पुन्हा पेरणं. दुसरा, वॉटर वॉल. पडदा दिसतो देखणा, पण ओल्या भिंतीवरून पाणी सतत वाफ होऊन जातं. मागे क्षार उरतात, पांढरे ओघळ. तिची एक जमेची बाजू आहे: तिचा आवाज मोठा, त्यामुळे बाहेरचे आवाज झाकले जातात. तिसरा, बबलर. एका दगडाला आरपार भोक पाडायचं. पाणी त्यातून हळू वर येतं, दगडावरून ओघळतं आणि जमिनीखालच्या झाकलेल्या टाकीत जातं. तेच पाणी पुन्हा वर. सावलीत ठेवला तर फार कमी पाण्यात चालतो. आवाज जेमतेम, कानाशी कोणी बोलल्यासारखा.

अंगणाच्या कोपऱ्यात बोराचं एक जुनं झाड होतं. इथे बोरीला सिद्र म्हणतात. बोरं आपल्यासारखीच, झाडही तसंच काटेरी. तिच्याखाली खुर्ची टाकून जासिमची आई बसली होती, उम्म जासिम. गुडघ्यांनी अधू, त्यामुळे तिचं जग त्या खुर्चीपासून स्वयंपाकघरापर्यंत. तिने मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "मुहंदिसा, बाहेर गर्दी आहे का?" मुहंदिसा म्हणजे इंजिनियर बाई. इथे ड्रॉइंगचा कागद हातात असला की तुम्ही मुहंदिसा.

"आहे," मी म्हणाले.

ती हसली. घरात येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच विचारते, असं मागून घरकाम करणाऱ्या मेरीने सांगितलं.

जासिमने तिथेच विषय काढला. तो वाईट माणूस नव्हता. आईशी बोलताना तो खाली, गुडघ्यांवर बसला.

"यम्मा, बाबांची पाटी पाण्याच्या पडद्यावर लावू. रोज तुझ्या डोळ्यांसमोर राहील. पाणी ते पाणीच."

"ते पाणी कोण पिणार?"

"ते पिण्याचं नसतं."

"मग तुझ्या बापाला काय मिळणार? दिवे?"

जासिम उठला आणि आम्हाला इंग्रजीत म्हणाला, "ड्रॉइंग पाठवा, मग बघू."

परतताना पिकअपमध्ये सलीमभाईंनी एसी माझ्याकडे वळवला. रागावले की ते आधी असं काहीतरी चांगलं करतात.

"वॉटर वॉल काढ, बाय. मोठं काम हाय."

"बबलर काढते. बोरीखाली. भिंतीला हात लावायचा नाही."

"तू डिझायनर हायस की पुढारी?"

"भिंत बघून डिझाइन करते, सलीमभाई."

"भिंत क्लायंटची हाय."

"आतली बाजू."

त्यांनी हॉर्न वाजवला. पुढे कोणी नव्हतं. अब्बासियाच्या वळणावर ते म्हणाले, "मी पण प्यायलोय गो त्या कूलरांचं. नवा आलो तेव्हा. सायकलवर माल पोचवत होतो." मला माझ्या बिल्डिंगपाशी उतरवताना म्हणाले, "काढ तुझा दगड. नाय आवडला तर वॉल. मग माझ्यासमोर भाषण नको."

जासिमला दगड आवडला नाही, पण आईला आवडला. ड्रॉइंग तिच्या मांडीवर ठेवून मी बोट फिरवलं: ही तुमची खुर्ची, हा दगड, ही भिंत जशी आहे तशी. तिने भिंतीवरून दोनदा बोट फिरवलं. जासिमने सही केली.

काम उन्हाळ्याच्या तोंडावर संपलं. अम्गराच्या आमच्या यार्डातून काळा बसाल्ट आणला. टाकी पुरली, पंप बसवला, बोरीच्या मुळांना धक्का लागू दिला नाही. पंपाचा आणि बाहेरच्या कूलरचा ब्रेकर विजेच्या एकाच पेटीत होता, अंगणाच्या आतल्या बाजूला. उम्म जासिमने ओल्या दगडावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मला वाटलं, जिंकलो. एकाच भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाणी.

चळवळीच्या पत्रकांमध्ये मी लहानपणापासून वाचत आले की जिंकल्यावरच जास्त सावध राहायचं असतं. वाचलेलं सगळं वेळेवर आठवत नाही.

महिनाभरात जासिमचा फोन आला. तक्रार अगदी सभ्य होती. संध्याकाळी मित्र येतात, बोरीखाली बसतात. दगडाचा आवाज छान आहे, पण त्यामागून कूलरच्या कॉम्प्रेसरची घरघर ऐकू येते. माणसांच्या गप्पा ऐकू येतात, कोणी मोबाइलवर गाणी लावतं. पूर्वी हे सगळं कानांवर येतच नसे, कारण पूर्वी कोणी तिथे बसून काही ऐकत नसे. आता ऐकण्यासाठीच बसतात.

मी म्हटलं, पंपाचा फ्लो थोडा वाढवते. कॉम्प्रेसरखाली रबरी पॅड टाकू, घरघर कमी होईल. तो म्हणाला, बघतो. मग त्याचा फोन आला नाही. क्लायंटचे फोन थांबले की ऑफिसात सगळ्यांना आनंद होतो. मलाही झाला.

ऑगस्टमध्ये पंपाचा फिल्टर साफ करायचा होता. पाचच्या सुमाराला मी मागच्या गल्लीने गेले. छपरीखाली एक रायडर उभा होता, हेल्मेट काखेत. त्याने बाटली नळाखाली धरली, तोटी दाबली, पाण्याची धार बोटांवर आली तसा हात झटक्याने मागे घेतला. मला बघून हसला.

"मॅडम, पत्ती डाल दो तो चाय बन जाएगी."

कुवेतमध्ये न राहिलेल्या वाचकांसाठी सांगते. उन्हाळ्यात इथे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तापून नळाला येतं. अंघोळीसाठीसुद्धा आदल्या दिवशी बादली भरून खोलीत ठेवावी लागते. कूलर बंद असेल तर नळातून पाणी येतंच, पण ते पिण्यासारखं नसतं. पाटी तशीच, छपरी तशीच, तोट्या चकचकीत. लांबून बघणाऱ्याला काही कळणार नाही.

मी आत जाऊन पेटी उघडली. पंपाचा ब्रेकर वर, कूलरचा खाली. मी वर केला. भिंतीपलीकडे घरघर सुरू झाली आणि काही वेळाने जासिम बाहेर आला.

"तो बंद राहू दे, मुहंदिसा."

"पाणी पोळतंय. लोक पिऊ शकत नाहीत."

"कूलर भिंतीवर आहे ना? मी काढला का?"

"आईंना माहीत आहे?"

त्याने बोरीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती, आई अजून आत होती. "तिला त्रास देऊ नका," तो हळू म्हणाला. "मी मशिदीत नवा देतोय. याच्यापेक्षा मोठा. बाबांच्याच नावाने. इथे रोज कचरा होतो, आवाज होतो. मशिदीत व्यवस्थित राहील." त्याने ब्रेकर खाली केला आणि आत गेला.

तो खोटं बोलत नव्हता, हे मी लिहून ठेवते. मशीद मोठ्या रस्त्यापलीकडे होती. नमाजाच्या वेळा सोडल्या तर तिच्या अंगणाचं फाटक बंद असायचं. तहानेला वेळापत्रक नसतं, एवढाच त्याच्या योजनेतला दोष.

मी सलीमभाईंना फोन केला.

"फिल्टर झाला?"

"होतोय. कूलर बंद केलाय त्याने."

"आपलं काम दगडापुरतं हाय, बाय. फिल्टर कर, सही घे, निघ."

मी फिल्टर धुतला. तेवढ्यात मेरीने उम्म जासिमला आणून खुर्चीवर बसवलं. तिने मला ओळखलं. दगडावर हात ठेवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"बाहेर गर्दी आहे का?"

अरबी मला समजतं बऱ्यापैकी, पण बोलायला येतं ते सामान घेण्यापुरतं. त्यात आडवळणं घेता येत नाहीत. चांगली भाषा येत असती तर मी कदाचित पाच वाक्यं गोल फिरवली असती. मला येत होतं तेवढं मी म्हणाले. "गर्दी नाही. पाणी गरम. मशीन बंद."

तिने मेरीकडे बघितलं. मेरीने जमिनीकडे. मग उम्म जासिम उठली. मेरी आणि मी दोन्ही बाजूंनी धरून तिला मागच्या दाराने गल्लीत नेलं. ती किती दिवसांनी तिथे येत होती, कोण जाणे. पाटी तिने वाचली नाही. तिने तोटी दाबली आणि हात नळाखाली धरला. त्या रायडरने हात मागे घेतला होता. तिने घेतला नाही. शेवटी मेरीने तिचं मनगट धरून बाजूला केलं.

"तो दगड बंद कर," ती मला म्हणाली.

मी पंप बंद केला. मोठी मुलं आईचं ऐकतात आणि आपलंच करतात, हे कुवेतमध्येही तसंच आहे. पुढच्या आठवड्यात ऑफिसला जासिमची वर्क ऑर्डर आली: कूलर काढणे, कोनाडा बंद करणे, आतून-बाहेरून प्लास्टर. आणि यापुढे मेंटेनन्ससाठी दुसरी व्यक्ती पाठवावी. सलीमभाईंनी ती माझ्यासमोर वाचली नाही, पण टेबलावरून उचललीही नाही. काम आमच्याच माणसांनी केलं. कोनाडा आता दिसत नाही. मशिदीतला कूलर बसला, मी जाऊन पाहिला. पाणी थंड आहे. फाटकाला कुलूप असतं.

मेरी मला एकदा अब्बासियाच्या बाजारात भेटली. म्हणाली, दगड पुन्हा चालू झालाय, पाहुणे येतात. म्हातारी आता बोरीखाली बसत नाही. आणि कोणी घरी आलं की काही विचारत नाही.

काढलेला कूलर अम्गराच्या यार्डात आला. संगमरवराच्या तुकड्यांशेजारी तो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला आहे, पाटीसकट. भंगारवाला दोनदा विचारून गेला.

"नाव हाय वर," सलीमभाई म्हणाले. "मेलेल्या माणसाचं नाव भंगारात कसा घालू?"

"मग इथेच लावू या. यार्डात माणसं आहेत. बाहेर ट्रकवाले उभे असतात."

"लाइटची लाइन यार्डाच्या मालकाची हाय. विचारतो."

त्यांनी अजून विचारलेलं नाही. त्यावर ताडपत्री मात्र घातली आहे, धूळ बसू नये म्हणून.

मी शिकले ते इतकंच. चांगलं डिझाइन हे स्विच कोणाच्या हातात आहे यावर ठरतं, आणि पाटी वाचून पाण्याची खात्री होत नाही. तेव्हापासून मी ड्रॉइंगमध्ये भिंतीच्या दोन्ही बाजू काढते. क्लायंट विचारतात, बाहेरचं कशाला? मी सांगते, माप चुकू नये म्हणून.

हे वाचून कुवेतला किंवा जासिमला नावं ठेवणार असाल, तर थोडं थांबा. आपल्याकडे चैत्रात फीत कापून पाणपोया उघडतात, फलकावर फोटो असतात, आणि ऐन वैशाखात माठाच्या तळाला पालापाचोळा. तुमच्या सोसायटीच्या गेटवर, ऑफिसच्या बाहेर, बाजाराच्या कोपऱ्यावर कुठेतरी असं कोणाच्या तरी नावाचं पाणी असेलच. आज दुपारी, ऊन सगळ्यात जास्त असेल तेव्हा, तिथे जा. फलक वाचू नका. नळाखाली हात धरा. पाणी नसेल किंवा पोळत असेल, तर त्याची जबाबदारी ज्याची आहे त्याला गाठा, त्यालाही हात धरायला लावा, आणि पाणी थंड होईपर्यंत तिथून हलू नका.