पार्वतीशेजारची जागा

चन्नबसप्पा माझा धाकटा भाऊ. वालूरात त्याचं किराणा दुकान होतं. माणूस लय चिकट. मेला म्हणून मी त्याला उदार म्हणणार न्हाई. कचऱ्याचं पोतंसुद्धा तो निळ्या सुतळीचे दोन फेरे देऊन, वर फास ठेवून बांधायचा. आमच्या बापानं शिकवलेली गाठ ती. गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

आम्हा लिंगायतांत माणूस जाळत न्हाईत, बसवून पुरतात. त्याची बायको पार्वती गेली, तिला ओढ्याकडच्या आमच्या दफनभूमीत बसवलं. शेजारी दगड रोवून चन्नानं स्वतःची जागा धरून ठेवली. सोमवारी बेल घेऊन जायचा. ती होती तोवर दोन शब्द धड बोलला न्हाई, तिथं मात्र तासभर बसायचा.

पुढं गुडघे गेले, जाणं बंद झालं. त्याच साली ग्रामपंचायतीनं कचऱ्याची गाडी सुरू केली आन् दर दुकानाला महिन्याला दोनशे रुपये लावले. चन्नानं भांडून गाडी माघारी धाडली. टमटमवाला राम महिन्याला पन्नासात पोती उचलायचा. कुठं नेतो ते चन्नानं विचारलं न्हाई. मी विचारलं तर म्हणाला, गावाबाहेर जातंय ना, मग झालं. मलाही पटलं. माझ्या घरातलं फुटकंतुटकं त्याच पोत्यांत जायचं.

तीन वर्षं अशीच गेली. त्यात आमच्यातलं कुणी मेलं न्हाई, म्हणून ओढ्याकडं कुणाचं जाणं झालं न्हाई. औंदा त्यानं अंथरूण धरलं. दवाखान्यातून घरी पाठवलं, तेव्हा एकच धोशा, जागा बघायची. लेक शंभुराजनं त्याला ऑटोत घालून नेलं. मी संगं होते.

दफनभूमी दिसेना. पुरुषभर उंच ढीग, त्यावर कुत्री न् डुकरं. पार्वतीची समाधी, चन्नाचा दगड, सगळं खाली गेलेलं. चन्नानं काठीनं जवळचं पोतं ओढलं. निळी सुतळी, दोन फेरे, वर फास. त्याच्यामागं आणखी एक तसंच. मग आणखी.

"अक्का," तो म्हणाला, "मीच झाकली की गं तिला."

ढीग उचलायला जेसीबीवाल्यानं जो आकडा सांगितला, त्यात पंचायतीच्या गाडीचे कितीतरी वर्षांचे पैसे भागले असते. चन्ना म्हणाला, "लाव." पैसे काढताना त्याचा हात अडला न्हाई, हे मी पहिल्यांदा बघितलं. पण जेसीबी यायच्या आधीच तो गेला.

पोरांनी अंदाजानं खड्डा घेतला. पोती बाजूला केली, दोन हात खणलं, तरी कुदळीला प्लॅस्टिकच लागायलं. मग काळं पाणी झिरपलं. जंगमस्वामी म्हणाले, यात माणूस बसवता येणार न्हाई.

शेवटी रस्त्याच्या कडेला, पार्वतीपासून दीडशे पावलं लांब, त्याला बसवलं. आमच्याकडं उत्तरेला तोंड करतात. उत्तरेला ढीग होता.