तलावाची न खोदलेली बाजू

रेवताबाई तलावाकडे निघाली की गावाला आवाजावरूनच कळायचं. नवऱ्याशी, बगळ्यांशी, जाळ्यातल्या माशांशी ती सारख्याच मोठ्यानं बोलायची. सानगडीजवळच्या त्या गावात मासेमार ढिवरांच्या घरी ती सून म्हणून आली आणि निम्मं आयुष्य तिनं डोंग्यात, छोट्या होडीत, काढलं.

गावतलावाचा गाळ काढायची योजना मंजूर झाली, तेव्हा धानवाले शेतकरी खूश झाले. ग्रामसभेत इंजिनिअर कमलेशनं भिंतीवर नकाशा लावला. "मशीन लावण्याआधी सांगा," तो म्हणाला, "या तलावावर आणखी कोण कोण जगतं? त्यांनाही योजनेत बसवायचं आहे."

रेवताबाई ताडकन उठली. "उगवतीकडचा उथळ भाग सोडा. तिथं देवधान उगवते. मासे तिथंच अंडे घालतेत."

सेवकराम भडकला. त्याचं वावर कालव्याच्या पार शेवटाला. "अन् माह्या धानाले पाणी कोठून आणू? पूरा तलाव खोदा!"

"भाऊजी, उद्या डोंग्यात बसा. पाहा, मंग बोला."

सेवकराम अंगानं भरलेला. दुसऱ्या दिवशी तो दोन्ही हातांनी डोंग्याच्या कडा धरून बसला. पाण्यात आपोआप उगवलेल्या त्या देवधानात डोंगा शिरला, तसा तो वाकून बघायला गेला आणि धपकन पाण्यात पडला. पाणी जेमतेम कमरेएवढं. उठून उभा राहिला तर धोतराच्या घोळात बोटभर पिल्लं वळवळत होती. रेवताबाई इतकी हसली की डोंगा उलटायला आला.

"हसून काहून राहिली?" असं म्हणता म्हणता तोही हसला. मग पिल्लं ओंजळीनं पाण्यात सोडत म्हणाला, "मासे दिसले. पण माह्या वावराचं सांग."

तिनं डोंगा काठाकडे वळवला. दोघं तसेच कमलेशकडे गेले, सेवकराम ओल्या धोतरातच. तिघांनी नकाशावर डोकी घातली. कालव्याला पाणी पुरावं म्हणून पाणी सोडायच्या दाराजवळ खोल खोदायचं, उगवतीची बाजू तशीच ठेवायची, असं ठरलं. गाळ शेतकऱ्यांनी न्यायचा आणि अंडी घालायच्या दिवसांत ढिवरांनी जाळं टाकायचं नाही.

हे ऐकून तिचा नवरा धनीराम उखडला. "सभेत तू बोलली, अन् जाळं माहं बंद?"

"बंद नाही, थोडं थांबायचं. पिल्लं मोठे होऊ दे ना जी."

तो दोन दिवस बोलला नाही. ती दोघांच्या वाटचं बोलली.

खोदकामात काठची झाडंझुडपं गेली होती. बायकांनी तिथं कमळाचे कंद आणि देवधान लावलं. म्हशींनी आठवड्यात सगळं तुडवलं. रेवताबाई तलावाच्या बांधावर, पाळीवर बसून पहिल्यांदाच गप्प झाली. ते पाहून धनीरामच घाबरला. उठला, बाभळीच्या काट्या तोडायला गेला. परत आला तेव्हा मागून सेवकरामची काट्यांनी भरलेली बैलगाडी येत होती. कुंपण झालं, बायका पुन्हा चिखलात उतरल्या.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर कित्येक वर्षांत न दिसलेली बोटरी मासळी जाळ्यात आली. सेवकरामच्या वावरातही पाणी पोचलं. तो मासे घ्यायला स्वतः येतो आणि माशांच्या भावावरून रेवताबाईशी भांडतो.

आता आंधळगावकडच्या बायका तलाव पाहायला येतात. पाळीवरून फोटो काढू लागल्या की ती ओरडते, "वरून काय दिसते? लुगडं खोचा अन् उतरा खाली!"