कैरो ते वडूज, एका दुपारी

भुतंखेतं, करणी, अंगात येणं... असलं कुणी सांगायला लागलं की मी उठून जाते. साताऱ्याला शिकून मास्तरीण झालेली बाई आहे मी. परवा नातू सहज म्हणाला, "आजी, कैरोहून मुंबईला विमान आता सहा तासांत येतं," आणि माझं डोकंच तापलं. त्याला सगळं सांगितलं, तर म्हणतो, तुला भास झाला असेल!

भास? दोघींना? भरदुपारी?

दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईची वर्षं. माझा थोरला भाऊ शंकरदादा फौजेत, कैरोला. मी दसऱ्याला माहेरी आलेली, वडूजजवळच्या आमच्या गावी. आबा, आमचे वडील, देवळात गेलेले. तारावहिनी पोळ्या लाटत होती, मी भाजत होते... आणि दारात दादा! खाकी कपडे, चेहरा रापलेला. "लय भूक लागलीया," म्हणाला. वहिनीनं वाढलं. पोटभर जेवला, "तू खाल्लंस का?" म्हणून तिला विचारलं, आणि "थांबता येत न्हाई" म्हणत निघूनही गेला. आम्ही दोघी खुळ्यासारख्या बघत राहिलो. शेजारणीला दिसला तो फक्त पाठमोरा.

पुढं दादाच्या पलटणीतला बापू रजेवर आला. आबांनी दादा येऊन गेल्याचं सांगितलं, तर म्हणाला, "आवं आबा, दसऱ्याला आमी छावणीत हत्यारं पुजली. शंकर माज्या शेजारीच हुता की!"

झालं! गावाला तेवढंच पाहिजे होतं. चावडीवर हिशेब सुरू झाले — कैरो ते मुंबई पावणेतीन हजार मैल. विमान वाटेत उतरणार, तेल भरणार, दोन-तीन दिवस खाणार. पुढं रेल्वे, मोटार. आणि साध्या शिपायाला विमानात बसवतंय कोण? मग ताराच्या हातचं जेवून गेलेला गडी कोण?

लाजा कशा वाटल्या नाहीत हो यांना? विमान कधी जवळून न पाहिलेली माणसं एका बाईची अब्रू मैलांनी मोजत होती! मी ओरडून सांगितलं, मीपण पाहिलंय. तर म्हणे, नणंद-भावजय एक झाल्यात. आबांनी वहिनीला माहेरी धाडलं. शंकर येऊन काय ते ठरवील, म्हणाले.

लढाई संपली, दादा आला. माझ्याकडून सगळं ऐकलं आणि तडक चावडीवर गेला. "आलोवतो मी. सायबाच्या विमानातनं. बोला, कुनाला काय म्हनायचंय?" एकेक जण धोतर झटकत उठून गेला. वहिनीला त्यानं स्वतः जाऊन मानानं घरी आणलं. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे!

घरात पाऊल टाकल्यावर वहिनीनं माझ्यादेखत विचारलं, "खरं सांगा, आलावता ना?"

दादानं मान खाली घातली. "न्हाई गं. मी तितंच हुतो. पर जाऊ दे आता. मी तुला माफ केलंय."

माफ! कशाबद्दल माफ? माझा सख्खा भाऊ, पण त्या क्षणी त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. गावानं निदान तोंडावर विचारलं तरी होतं.

वहिनी रडली नाही, भांडली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "वन्सं, त्या दिशी जेवून गेला त्यो माजा नवरा हुता. ह्यो कोन आलाय?"

त्या दुपारी कोण जेवून गेलं, ते मला आजही सांगता येत नाही.