डब्यातलं शेत

रशीदभाई गेल्याची बातमी मला अनसिंगला एका लग्नाच्या पंगतीत कळली. वाढप्याने ताटात बट्टी ठेवली, वरून वरण ओतलं आणि फोन वाजला. मंगरूळपीरहून त्यांच्या शेजारच्या दुकानदाराचा होता. सकाळी शटर उघडलं, खुर्चीवर बसले आणि बसल्या जागी गेले... एवढंच तो म्हणाला. भरल्या ताटावरून उठू नये म्हणून मी बसून राहिलो असं लोकांना वाटलं असेल. खरं म्हणजे डोक्यात रशीदभाईच होते. त्यांना एक कबुली द्यायची राहिली होती. तीन महिने आज सांगू, उद्या सांगू करत मी ती टाळली होती, आणि आता सांगायला माणूसच उरला नव्हता. या गोष्टीला सव्वा महिना झाला.

रशीदभाईंचं दुकान दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पाटीवर टीव्ही आणि मिक्सर दुरुस्ती, आत व्हिडिओ गेम. कॉलेजात होतो तेव्हापासून मी तिथे पडीक असायचो. पुढे त्याच कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला लागलो तरी सवय सुटली नाही. दोन टीव्ही, दोन गेमची यंत्रं आणि एक लाकडी बाक. कन्सोल हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही, ते ‘डबा’ म्हणत. नियम दोनच. हरला तो उठला, आणि खेळायचं पॅड दुसऱ्याच्या हातात देताना आपल्या शर्टाला पुसून द्यायचं. नेहमीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक मेमरी कार्ड असे. कोण कुठल्या पायरीला पोचला, कोणी कोणता कप जिंकला, ते सगळं त्यात. स्क्रू ठेवायच्या खणांच्या पेटीत ही कार्डं नाव लिहिलेली चिकटपट्टी लावून ठेवलेली. एकाच्या कार्डाला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना खपत नसे. मोबाइल आल्यावर गिऱ्हाइकं आटली, कार्डांचे मालक पुण्या-नागपूरला गेले, त्यांची लग्नं झाली, टकलं पडली. पेटी मात्र जिथल्या तिथे. फेकून का देत नाही विचारलं तर म्हणत, तो आला अन् मागतलं तर काय तोंड दाखवू?

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून, आणि ते वीस वर्षं चाललं. मी कॉम्प्युटरवाला, ते डब्यावाले. मी म्हणायचो, तुमचा डबा संपणार. ते म्हणायचे, तुझा कॉम्प्युटर चालू होईस्तोवर आमचा सामना खेळून होतो. तेही खोटं नव्हतं. मागच्या वर्षी कोणी तरी अगदी नवा डबा दुरुस्तीला आणून टाकला. रशीदभाईंनी तो उघडला, चष्मा वर केला, आणि मला फोन करून बोलावून घेतलं. आत पंखा, मेमरी, साठवणुकीची चिप, सगळा संसार माझ्या लॅबमधल्या मशीनसारखाच. बराच वेळ बघून म्हणाले, “हा तं कॉम्प्युटरच हाये बे, मिलिंद.” मला तर चेवच आला. मी सांगत सुटलो, की आता कंपन्या आपले खास गेमही कॉम्प्युटरवर देतात, हातात मावणारे कॉम्प्युटर डब्यासारखे निघालेत, पुढे टीव्हीखाली काय ठेवलंय याने फरक पडणार नाही. आपलं नाव टाकलं की कुठल्याही मशीनवर आपला खेळ जिथे सोडला तिथून सुरू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग कार्ड कोठी जाईन?” मी म्हणालो, कार्ड कशाला हवं, कंपनीकडे तुमचं खातं असतं. “खातं कंपनीचं,” ते म्हणाले. “कार्ड माह्या गिऱ्हाइकाचं. उद्या कंपनीनं दरवाजा लावला तं?” पण म्हातारा हट्टी असला तरी आंधळा नव्हता. जुने डबे एकेक करून मान टाकत होते, सुटे भाग मिळत नव्हते. आठवड्याभराने त्यांनी स्वतःच सांगितलं, की लाव बाबा तुझा कॉम्प्युटर टीव्हीखाली, पण आधी पेटीतली सगळी कार्डं त्यात उतरव. एकही सुटलं नाही पाहिजे.

त्या पेटीत एका कोपऱ्यातल्या कार्डावर ‘घरचं’ असं लिहिलेलं होतं. ते रशीदभाई आणि नसीमभाभींचं. भाभी इंझोरीच्या, शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन आल्या त्या दुकानामागच्या दोन खोल्यांत, जिथे मोगऱ्याची कुंडी ठेवायलाही जागा नाही. पहिल्या वर्षी माहेरच्या शेताची आठवण काढून रडायच्या, तेव्हा रशीदभाईंनी कुठून तरी शेतीचा गेम पैदा केला. नांगरायचं, पेरायचं, पाणी द्यायचं, गाय दोहायची. दुपारी जेवण झालं की शटर अर्धं खाली यायचं आणि दोघं बाकावर. गेममधला एक दिवस त्यांचा, एक दिवस भाभींचा, पॅड आलटून पालटून. भाभी आपल्या दिवशी त्यांच्या पेरणीच्या चुका काढायच्या. पंधरा-सोळा वर्षांचं शेत होतं ते, गायींना नावं होती.

आणि ते मी पुसलं. लॅबमधून कार्ड वाचायचा अडॅप्टर आणून दुपारभर कार्डं उतरवत होतो. रशीदभाई चहा सांगायला बाहेर गेलेले. ‘घरचं’ लावलं तर कॉम्प्युटर म्हणाला, कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करायचं का? काढून, फुंकर मारून, पुन्हा लावून बघायला हवं होतं; इतकी वर्षं त्या दुकानात आम्ही तेच तर करत आलो. पण मी लॅबवाला! रोज मुलांच्या पेनड्राइव्हवर चालतो तसा हात चालला आणि ‘हो’ दाबलं. कार्ड लगेच वाचता आलं. आत काही नव्हतं. रशीदभाई चहा घेऊन आले, विचारलं, झालं का सगळं? मी हो म्हणालो. खोटं बोललो. कार्ड खणात ठेवलं आणि चहा प्यायलो.

चार-पाच दिवसांनी त्यांनी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, की तो शेतीचा गेम कॉम्प्युटरवर नवीन लावून दे, अगदी पहिल्यापासून. मी मूर्ख, मला हायसं वाटलं. वाटलं, जुनं शेत ते विसरले.

परवा भाभींनी बोलावलं म्हणून गेलो. पेटी त्यांनी टेबलावर काढून ठेवली होती. म्हणाल्या, पोरं आली तर ज्याचं त्याला द्या, तुम्ही ओळखता सगळ्यांना. तेव्हा मात्र राहवलं नाही. “भाभी, ‘घरचं’ माझ्या हातून पुसल्या गेलं,” मी म्हणालो.

“मालूम हाये,” त्या म्हणाल्या. “त्याच दिवशी संध्याकाळी लावून पाह्यलं त्याइनं. मले लय राग आला होता तुमचा. मी इचारतो म्हटलं तं नाई म्हने. मिलिंद सोताच सांगन, म्हने... तुमी आले की मले खुणावे, आज सांगन पाय.”

तीन महिन्यांत मी किमान वीस वेळा त्या बाकावर बसलो होतो. दर वेळी ते कामातून मान वर करून, “बोल” म्हणायचे. मी बोलायचो ते गेमच्या भविष्याबद्दल.

भाभी उठल्या आणि टीव्ही लावला. कॉम्प्युटर चालू व्हायला लागायचा तो वेळ लागला. मग पडद्यावर लहानसं शेत आलं, जेमतेम चार वाफे, एक कोंबडी, गाय अजून घेतलेली नाही. सकाळची वेळ. त्या गेममध्ये कोणी खेळलं नाही तर दिवस पुढे सरकत नाही, सव्वा महिन्यापासून ती सकाळ तशीच थांबलेली.

“हा दिवस त्याइचा हाये,” भाभी म्हणाल्या. “माह्यानं खेळनं होत नाई.”

त्यांनी ओढणीच्या टोकाने पॅड पुसलं आणि माझ्या हातात दिलं. मी चारही वाफ्यांना पाणी दिलं. एक सुटत होता, तो त्यांनी दाखवला.