दादाने दाखवलेली नवी मुंबई

ते तीन महिने आठवले की मला आधी उजेड आठवतो. हिवाळा सरतानाचा, खाडीवरून येणारा, जरा दुधाळ. जुईनगरच्या आमच्या गॅलरीत तो दुपारी चारच्या सुमारास उतरायचा आणि त्यात मटारांची टोपली मध्ये घेऊन दोन माणसं बसलेली असायची. एक माझा मोठा भाऊ, दुसरी आमची परदेशी पाहुणी. दादाला कामचलाऊ इंग्रजी यायचं, तिला मराठी शून्य. बोलणं जवळजवळ नाहीच, पण शेंगा भराभर सोलल्या जायच्या. मी आतून बघत राहायचे, आणि आपण जागे आहोत की दुपारची डुलकी लागलीय, हे मला कधी कधी खरंच कळायचं नाही.

पाहुणी साठी ओलांडलेली, निवृत्त नर्स. तिच्या देशात थंडीत दुपारी चारला काळोख पडतो म्हणे, म्हणून तिला आमच्या उजेडाचं भारी कौतुक. मनाचा आजार असलेले लोक दिवसभर येऊन बसतात, कागदी पिशव्या करतात, झाडांना पाणी घालतात, अशा नेरुळच्या एका केंद्रात ती तीन महिने बिनपगारी काम करायला आली होती. माझी एक मैत्रीण तिथे शिवण शिकवते. तिने विचारलं, "तुझी लेक पुण्याला, खोली रिकामीच आहे ना? ठेवशील का बाईंना?" मी तोंडभरून हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर मला दादा आठवला.

दादाला तिशीच्या आतच आजार जडला. तोवर तो न्हावा शेव्याला कंटेनरचे नंबर टिपून घ्यायचं काम करायचा. मग त्याला कुणालाच ऐकू न येणारी माणसं ऐकू यायला लागली. गोळ्यांनी ती माणसं लांब गेली, पण हाताला कंप आला आणि नोकरी सुटली. आई गेल्यापासून तो माझ्याकडे असतो. हे सगळं आम्ही कुणाला सांगत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई म्हणायची, आणि मूठ झाकण्यात मी आईच्याही पुढे गेले. लोकांसाठी आमचं वाक्य ठरलेलं आहे: "तब्येतीमुळे लवकर रिटायर झाला." तेच वाक्य मी बाईंनाही ऐकवलं. आयुष्यभर ज्या बाईने हेच आजार पाहिले, तिला! ती चहा पीत होती. दादाच्या हातातला कप बशीवर खुळखुळला. ती म्हणाली, "चहा छान झालाय."

केंद्रात ती नेमकं काय करते, हे मी एकदा मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "काहीच नाही गं. जो जे करत असेल ते त्याच्या बाजूला बसून करते. प्रश्न विचारत नाही." मला वाटलं, एवढंच करायला सात समुद्र ओलांडून यायचं? तरीही घरी मटारांची टोपली बघून माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

शनिवार-रविवार तिला सुट्टी. तिला नवी मुंबई बघायची होती. आता आली का पंचाईत! बघायला आहे काय आमच्याकडे? पहिल्या रविवारी मी तिला मॉलमध्ये नेलं. ती सरकत्या जिन्यावर उभी राहून सौजन्याने हसत होती. घरी आल्यावर दादा म्हणाला, "मॉल काय दाखवतेस तिला? साडेपाचला भरती आहे. खाडीतली जागा बुडाली की फ्लेमिंगो आत तळ्यावर येतात. मी नेतो."

आणि नेलं की! परत आली तेव्हा चप्पल काढायच्या आधीच बाईंनी सांगायला सुरुवात केली. हातांनीच पंख करून दाखवत होती. सगळं पाणी गुलाबी होतं, म्हणाली, आणि तुझा भाऊ म्हणाला, अजून पाच मिनिटं थांबा, आणि पाच मिनिटांनी ते सगळे एकदम उडाले.

त्यानंतरचे रविवार दादाचे. टेकडीवरचा पडका बुरूज, तिथून दिसणारी खाडी. उरणच्या बाजूला जाणारी रिकामी गाडी, तिच्या खिडकीतून दिसणारे कंटेनरचे ढीग. त्यातला एक दाखवून दादा म्हणाला होता, "हा तुमच्याकडचा. बंदराचं नाव लिहिलंय बघा." कुठल्या देवळामागे वारा लागतो, कुठल्या पुलाखाली बगळे बसतात, कुठला चहावाला कपभर पाणी आधी देतो, सगळं त्याला तोंडपाठ. घरात जो माणूस दिवसाला दहा वाक्यं बोलत नाही, तो बाहेर म्हणे अखंड बोलायचा. बाईंनी मला विचारलं, "इतक्या जागा त्याला कशा माहीत?"

"त्याला फिरायची आवड आहे," मी म्हटलं. मला ते खरंच वाटत होतं.

मग लेकीचं स्थळ आलं. मुलगा पुण्यातलाच, तिच्या ओळखीतला, दोघांना एकमेकं पसंत. आता मुलाच्या घरची माणसं आमच्याकडे यायची होती, येत्या नाही, त्यापुढच्या रविवारी पाचला. लेक फोनवर म्हणाली, "आई, मामा त्या दिवशी..." आणि तिने वाक्य अर्धंच सोडलं. उरलेलं अर्धं मीच तिला लहानपणापासून शिकवलं होतं.

"तू टेन्शन घेऊ नकोस," मी म्हटलं आणि लगेच बाईंकडे गेले. त्या रविवारी दादाबरोबर जरा लांब जाल का, उरणला वगैरे, संध्याकाळपर्यंत? ती आनंदाने हो म्हणाली. दादाला सांगितलं. त्याने कारण विचारलं नाही. फक्त म्हणाला, "किती वाजता परत येऊ?"

त्याच्या आधीच्या रविवारी बाईंनी हट्टच धरला, की आज तूही चल. आम्ही तिघं दिवाळे गावातल्या कोळ्यांच्या जेट्टीवर गेलो. ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या, पलीकडचा किनारा धुरकट, हवेत सुकत घातलेल्या मासळीचा वास, आणि सगळीकडे तोच दुधाळ उजेड. मला झोपेतून चालल्यासारखं वाटत होतं. एक म्हातारी जुन्या साडीवर जवळा पसरून बसली होती. दादाला बघून तिने हाक मारली, "काय रं, आज कोन पावना आयलाय घरा?"

दादा हसला आणि बाईंकडे बोट दाखवून म्हणाला, "आज पावनी इथंच आणली, मावशी." मग तो बाईंना होड्या दाखवायला पुढे गेला.

मी म्हातारीला विचारलं, पाहुण्यांचं काय म्हणालीस?

"याच्या घरा पावना आयला का याला भायेर पाठवतान," ती जवळा पसरता पसरता म्हणाली. "मंग यो हितं येतो. किती वर्सं झाली. गरीब हाय, कोनाला तरास नाय. दुपारचा माझ्यासंगं भाकर खातो." मग तिने मान वर केली. "तू कोन याची?"

मी म्हटलं, "शेजारीण."

दादा आठ-दहा पावलांवर होता. त्याने वळून पाहिलं नाही. बाईंना तो होडीचं शीड दाखवत होता, ते दाखवत राहिला. पण त्याने ऐकलं. त्याच्या पाठीवरून मला ते कळलं.

परतीच्या बसमध्ये मला बत्तीस वर्षांपूर्वीचा एक दिवस आठवला. मला बघायला आले होते. आईने पोहे केले होते, मी साडीच्या निऱ्यांशी झगडत होते, आणि आई दाराशी दादाला हळू आवाजात म्हणत होती, "जरा फिरून ये हं." ती पहिली वेळ असावी. मग माझा साखरपुडा, लेकीचं बारसं, गणपती, हळदीकुंकू, नवऱ्याच्या ऑफिसातली माणसं. आईनंतर मी. "दादा, जरा फिरून येतोस?" आणि दर वेळी त्याचा एकच प्रश्न, "किती वाजता परत येऊ?" टेकडी, तळं, जेट्टी, देवळामागचा वारा, सगळं त्याला असं माहीत झालं होतं. मला इतकी लाज वाटली, की उतरायचा स्टॉप आला तरी मी बसूनच राहिले. दादानेच खांद्याला हात लावून उठवलं.

संध्याकाळी मी बाईंना सगळं सांगितलं. आजाराचं नाव, गोळ्या, जेट्टी, शेजारीण. ती म्हणाली, "आजार मला पहिल्या दिवशीच कळला होता. कप धरला तेव्हाच. बाकीचं नव्हतं माहीत." आणि मी रडत असताना माझ्या बाजूला बसून तिने निवडायची राहिलेली मेथी निवडली.

मग मी लेकीला फोन केला. मामा त्या दिवशी घरी राहणार आहे, म्हटलं. ती म्हणाली, "मग त्यांना आधीच सांग. लपवून नको. यायचं तर येतील." नवऱ्याने पेपर खाली न करता मान हलवली. मी मुलाच्या आईला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं वाक्य परक्या माणसाशी बोलले: माझ्या मोठ्या भावाला मानसिक आजार आहे, तो आमच्याकडे राहतो, रविवारी घरीच असेल. त्या म्हणाल्या, "बरं. येतो आम्ही."

रविवारी जेवण झाल्यावर बघते तर दादा टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन दाराशी उभा. "निघू?"

"आज जायचं नाही. बाई एकट्याच जाणार आहेत तळ्यावर."

त्याचा चेहरा उतरला. "पाहुणे रद्द झाले? माझ्यामुळे?"

"नाही रे. येतायत. तू पण आहेस."

तो टोपी हातात घेऊन चपलांच्या कपाटाजवळ तसाच उभा राहिला. बाई निघाल्या तेव्हा त्याने त्यांना भरतीची वेळ सांगितली आणि येताना कुठली बस धरायची ते कागदावर लिहून दिलं. अक्षर वेडंवाकडं, पण वाचता येण्यासारखं.

त्या स्थळाचं पुढे काय झालं विचाराल तर, ते लोक पोहे खाऊन, गोड बोलून, "कळवतो" म्हणून गेले. महिना झाला, दोन झाले. मुलगा मात्र अजून लेकीला फोन करतो, आणि आई-वडिलांना समजावतोय म्हणतो. बघू. बाई त्यांच्या देशात परत गेल्या. त्यांनी पाठवलेला फ्लेमिंगोंचा फोटो दादाने फ्रिजवर चिकटवला आहे.

पण मला त्या रविवारची आठवते ती पाच वाजून गेल्यावरची वेळ. हॉलमध्ये मुलाकडचे चौघे बसलेले, नवरा हवापाण्यावर बोलतोय, लेक पाण्याचे ग्लास देतेय. मी पोह्यांचा ट्रे उचलला तर स्वयंपाकघराच्या दारात दादा. इस्त्रीचा शर्ट, भिजवून बसवलेले केस, एका हाताने दुसरा हात घट्ट धरलेला. सगळी नवी मुंबई पाठ असलेला माझा भाऊ वाकून माझ्या कानाशी विचारत होता, "पाहुणे आले की मी कुठे बसायचं असतं?"

मी ट्रे परत ओट्यावर ठेवला. त्याचा थरथरता हात धरून त्याला हॉलमध्ये नेलं, सोफ्यावर माझी जागा होती तिथे बसवलं आणि म्हटलं, "हा माझा दादा." दिवाळ्याच्या जेट्टीपर्यंत ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हटलं.